मॅडमचं इंग्लिश आणि माझं मराठी

सुरुवातीलाच माफी मागून टाकते. शाळा पुण्यातली, कॉन्व्हेंट. मराठी म्हणजे आठवड्याचे मोजके तास आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेले निबंध. मेसचे काका "एकोणसत्तर झाले" म्हणाले की मी अजूनही मनातल्या मनात भाषांतर करत बसते, सिक्स्टी नाइन की सेव्हन्टी नाइन! त्यामुळे मी मराठी विभागात लेख देतेय म्हटल्यावर मैत्रिणी हसल्या. हसू देत. मराठीत का लिहितेय ते पुढे कळेलच.

विषय आहे आपला फीडबॅक फॉर्म. होय, तोच. सेमिस्टरच्या शेवटी, सबमिशनच्या धांदलीत, फाइलवर सह्या घेत फिरताना कोणीतरी ओरडतं, "अरे, फॉर्म भरला का? नाहीतर पुढची सही मिळणार नाही!" मग सगळी जनता लॅबमध्ये. सहा विषय, प्रत्येकी दहा प्रश्न, म्हणजे साठ गोल. आमच्या वर्गातल्या एका महाशयांचा विक्रम पन्नास सेकंदांचा आहे. सगळीकडे सरळ रेषेत 'पाच'. एकदा चुकून एका सरांची रेषा 'एक'वर गेली, तर म्हणाला, "जाऊ दे, सर चांगले आहेत, समजून घेतील."

मी मात्र असा टाइमपास कधीच केला नाही. मी फॉर्म नीट, विचार करून भरायचे, आणि गडबड त्यातूनच झाली.

एसईला 'सिग्नल्स अँड सिस्टिम्स' शिकवायला एक मॅडम होत्या. नाव लिहीत नाही आणि कोणी ओळखायचा प्रयत्नही करू नये. त्या फळ्यावर शिकवायच्या, पीपीटी वगैरे नाही. कन्व्होल्यूशन हाताने करायला लावायच्या, आलेख काढून. सुरुवात इंग्लिशमध्ये व्हायची आणि दोन मिनिटांत गाडी मराठीवर यायची. "हा सिग्नल उलटा केला. आता सरकवा. बघा कुठं कुठं एकमेकांवर येतंय, तेवढाच गुणाकार घ्या, बेरीज करा. परत सरकवा." मधेच एखादं मोडकं इंग्लिश वाक्य यायचं आणि आम्ही पुण्याच्या तिघी-चौघी एकमेकींकडे बघायचो. एकीने तर मॅडमच्या वाक्यांची यादीच वहीच्या मागच्या पानावर केली होती. तिच्यात माझीही भर होती.

सेमिस्टरच्या शेवटी फॉर्म आला. सर्वात खाली 'सूचना' असा एक रिकामा चौकोन असतो. त्यात मी लिहिलं की मॅडमचं इंग्लिश फार वीक आहे, इंजिनिअरिंग कॉलेजला हे शोभत नाही. लिहिलं अर्थातच फर्स्ट क्लास इंग्लिशमध्ये, स्पेलिंग तपासून. आणि त्याच तोऱ्यात वरच्या दहाही प्रश्नांना 'दोन' दिले. त्यात एक प्रश्न 'वेळेवर वर्गात येतात का?' असा होता. मॅडम रोज आमच्या आधी वर्गात असायच्या.

टीईला त्याच मॅडम पुन्हा आल्या, 'डिजिटल कम्युनिकेशन'ला. पण या वेळी प्रोजेक्टर होता, स्लाइड होत्या आणि संपूर्ण तास इंग्लिश. म्हणजे स्लाइडवरचं इंग्लिश जसंच्या तसं वाचून. मराठीचा एक शब्द नाही. आम्ही म्हटलं, वा, सुधारल्या! इन-सेमच्या आदल्या रात्री माझी रूममेट पुस्तक मिटून बसली होती. ती इंदापूर तालुक्यातली, निमगाव केतकीजवळची, दहावीपर्यंत मराठी माध्यम. म्हणाली, "मॅडम आता मराठीत का नाही गं सांगत? मागच्या वर्षी तेवढा एकच विषय मला खरा समजला होता. कुणीतरी फॉर्मात लिहिलं म्हणे." मी काही बोलले नाही. उठून लाइट बंद केला.

इन-सेमला तीसपैकी तिला नऊ पडले.

त्यानंतर मी हा फीडबॅक प्रकार नक्की काय असतो ते शोधायला लागले. अपराधी वाटत होतं म्हणून म्हणा किंवा डिफेन्ससाठी म्हणा. आपण ई अँड टीसीवाले, तेव्हा फीडबॅक म्हटलं की पहिल्यांदा आठवतो निगेटिव्ह फीडबॅक अ‍ॅम्प्लिफायर. हॅरॉल्ड ब्लॅक या बेल लॅब्सच्या इंजिनिअरला ती कल्पना १९२७ मध्ये कामावर जाताना फेरीबोटीत सुचली. गंमत म्हणजे त्याच १९२७ च्या सुमारास अमेरिकेतल्याच परड्यू विद्यापीठात रेमर्स नावाचे मानसशास्त्रज्ञ विद्यार्थ्यांनी शिक्षकांना गुण द्यायची पट्टी तयार करत होते. म्हणजे दोन्ही फीडबॅक साधारण एकाच वयाचे. एक सुरळीत चालला. दुसऱ्यावर जवळजवळ शंभर वर्षं भांडणं चालू आहेत.

आपल्याकडे हा कागद किती जड आहे हे मला माहीतच नव्हतं. ए.आय.सी.टी.ई.ने १ मार्च २०१९ ला डिग्री कॉलेजच्या शिक्षकांच्या पगाराचे आणि बढतीचे नियम काढले. त्यात '३६० अंश फीडबॅक' आहे, एकूण १०० गुणांचा. ठरलेल्या तासांपैकी प्रत्यक्ष किती घेतले याला २५, विद्यार्थ्यांच्या फीडबॅकला २५, डिपार्टमेंटच्या कामांना २०, कॉलेजच्या कामांना १०, गोपनीय अहवालाला १० आणि समाजासाठी केलेल्या कामाला १०. म्हणजे आपण सही मिळवण्यासाठी जे गोल भरतो, त्यांच्यावर चौथा हिस्सा अवलंबून! नॅकनेही २०१७ च्या आराखड्यात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणलं. वीस प्रश्न पर्यायांचे आणि एकविसावा मोकळा, स्वतःच्या शब्दांत सूचना लिहायचा. एकविसाव्यात लोक काय लिहितात ते आपल्याला ठाऊक आहे. मेस आणि वायफाय.

मग प्रश्न असा की आपल्याला शिक्षकांबद्दल खरंच काय कळतं? माझं मत सांगते. वर्गात काय घडलं याचे आपण उत्तम साक्षीदार आहोत. सर वेळेवर आले का, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला का, फळ्यावरचं दिसलं का, प्रश्न विचारला तर ऐकून घेतलं का, पेपर तपासून कधी मिळाले, हे आपल्याइतकं कोणालाच माहीत नसतं. एचओडी सरांनाही नाही. पण 'विषयाचं ज्ञान किती?' या प्रश्नाला आपण काय उत्तर देणार? तो विषय आपल्यालाच येत नाही म्हणून तर वर्गात बसलोय ना!

यावर एक किस्सा आहे. १९७० मध्ये अमेरिकेत मायकेल फॉक्स नावाच्या नटाला 'डॉक्टर फॉक्स' म्हणून उभं केलं आणि डॉक्टरांच्या शिक्षणात गणिती गेम थिअरी कशी वापरायची यावर भाषण द्यायला लावलं. त्याला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं. भाषणात विनोद, आत्मविश्वास आणि बाकी पोकळ शब्द. समोर मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ अशी शिकलेली मंडळी, आणि त्यांनी फॉर्ममध्ये भरभरून चांगलं लिहिलं. त्यांची ही गत, तर आपली काय?

पण मला जास्त टोचला तो दुसरा अभ्यास. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत कोणता कॅडेट कोणत्या प्राध्यापकाच्या वर्गात बसणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, आणि परीक्षा सगळ्यांना एकच. कॅरेल आणि वेस्ट या दोघांनी २०१० मध्ये तिथल्या आकड्यांवरून दाखवलं की ज्या प्राध्यापकांच्या वर्गाला त्या विषयात चांगले मार्क पडतात, त्यांना फीडबॅकही चांगला मिळतो. इथपर्यंत ठीक. पण पुढच्या वर्षीच्या, त्याच पायावर उभ्या असलेल्या विषयात त्यांचे विद्यार्थी मागे पडतात. आणि जे प्राध्यापक मुलांना पुढच्या विषयासाठी घट्ट तयार करतात, त्यांच्या पदरात फॉर्मचे आकडे कमी.

निमगावला गेले होते तेव्हा रूममेटचे वडील हेच एका वाक्यात सांगून गेले. कारखाने नुकतेच सुरू झाले होते आणि बारामती-इंदापूर रस्त्यावर आमची एसटी काटेवाडीपासून उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडत आली होती. (तुकाराम महाराजांची पालखी याच रस्त्याने जाते. त्या दिवशी आमचाही वेग साधारण तोच होता.) ते उसाबद्दल बोलत होते, कॉलेजबद्दल नाही. "वजन काट्यावर लगीच कळतंय. उतारा गाळल्यावर." मी ते वहीत लिहून घेतलं तर ते बघतच राहिले.

माझा उतारा टीईला निघाला. 'मॅच्ड फिल्टर' नावाचा टॉपिक आहे. मॅडमनी स्लाइड वाचली आणि पुढे गेल्या. निम्मा वर्ग कोरा. पण मला तो तिथल्या तिथे समजला. कारण मॅच्ड फिल्टर म्हणजे काय, तर पाठवलेलाच सिग्नल काळात उलटा करून त्याचं आलेल्या सिग्नलशी कन्व्होल्यूशन करायचं. 'हा उलटा केला. आता सरकवा.' डोक्यात अक्षरशः मॅडमचा आवाज आला, एसईमधला, मराठीतला. ज्याला मी दहाच्या दहा 'दोन' दिले होते तो.

दुसरी गोष्ट म्हणजे आपले चष्मे. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातला एक छोटासा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑनलाइन कोर्स, एक पुरुष शिक्षक आणि एक स्त्री. दोघांनीही एका गटाला स्वतःच्या खऱ्या ओळखीने शिकवलं आणि एका गटाला एकमेकांच्या नावाने. विद्यार्थ्यांना चेहरा दिसत नव्हता, फक्त नाव. ज्यांना ते 'सर' वाटले त्यांना मार्क जास्त पडले. पेपर तपासून एकाच वेळी परत दिले होते, तरी 'वेळेवर देतात का?' याला 'सरां'ना वर आणि 'मॅडम'ना खाली. हे वाचल्यावर मला माझा तो 'वेळेवर येतात का?'चा 'दोन' आठवला. एक गोष्ट खटकली की आपण सगळ्याच रकान्यांत तिचा राग काढतो. त्यात माझा चष्मा डबल फोकसचा, मॅडम आणि वर इंग्लिश.

आणि आकड्यांचं तर विचारूच नका. वीस जणांनी फॉर्म भरला आणि एकाने 'पाच'ऐवजी 'एक' दिला की सरासरी ०.२ ने खाली येते. मग ४.३ वाले सर ४.१ वाल्या मॅडमपेक्षा चांगले, असं कसं म्हणणार? वर्गातल्या अर्ध्या मुलांनी 'पाच' आणि अर्ध्यांनी 'एक' दिला तरी सरासरी तीन, आणि सगळ्यांनी 'तीन' दिला तरी तीनच. आमचा वर्ग पहिल्यासारखा होता. अर्ध्यांना मॅडमचं मराठी हवं होतं आणि चौघींना नको होतं.

तर मग विषय बरोबर शिकवला जातोय का हे बघायचं कोणी? ज्याला तो विषय येतो त्याने, म्हणजे दुसऱ्या शिक्षकाने. पण वरचे १०० गुण पुन्हा बघा. सहकारी शिक्षकाने मागच्या बाकावर येऊन तास ऐकला, याला त्यात जागाच नाही. तास किती झाले ते मोजलं जातं. कसे झाले ते फक्त आपण सांगतो.

याबाबतीत आपल्यापेक्षा प्राथमिक शाळावाले पुढे आहेत हे मला निमगावलाच कळलं. रूममेटच्या काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. रात्री भाकऱ्या थापता थापता त्यांनी डी.एड.चं 'सूक्ष्म अध्यापन' समजावलं. सहा मिनिटं शिकवायचं, तेही एकच कौशल्य. एक दिवस फक्त प्रश्न विचारणं, एक दिवस फक्त फलक लेखन. समोर विद्यार्थी म्हणून आपलेच वर्गमित्र. एकजण मागे तक्ता घेऊन बसतो आणि प्रश्न किती विचारले, किती वेळा उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगून टाकलं, याच्या रेघा ओढतो. मग सहा मिनिटं 'प्रत्याभरण'. म्हणजे फीडबॅक! (केवढा भारदस्त शब्द. मी तीन वेळा म्हणून बघितला.) मग बारा मिनिटं पाठ पुन्हा बसवायचा, सहा मिनिटं पुन्हा शिकवायचा आणि पुन्हा सहा मिनिटं प्रत्याभरण. एकूण छत्तीस मिनिटं. ही पद्धत १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात निघाली आणि आपल्याकडे डी.एड., बी.एड.मध्ये रुजली. काकू म्हणाल्या, "पहिल्यांदा मैत्रिणीनं सांगितलं, तू फळ्याशीच बोलतेस. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही मी. पण मग वळले."

माझ्या लक्षात आलं ते असं की तिसरीला भागाकार शिकवण्याआधी माणसाला हे सगळं करावं लागतं. आणि एम.ई., एम.टेक. झालेला माणूस बऱ्याचदा थेट साठ जणांपुढे फूरिए ट्रान्सफॉर्म घेऊन उभा राहतो. त्याला 'तू फळ्याशी बोलतोस' हे सांगणारी मैत्रीण नसते. मिळतो तो ३.४ असा एक आकडा, सहा महिन्यांनी. स्टाफपैकी जे हे वाचत असतील त्यांना लहान तोंडी मोठा घास घेऊन एक सुचवते. दोघांनी एकमेकांच्या तासाला सेममधून एकदा जाऊन बसावं. स्वतः बोलावून, मार्क न देता, नंतर कँटीनमध्ये चहावर बोलावं. आम्ही मुलं तेव्हा शहाण्यासारखे बसू, शपथ!

आणि वेळेचं काय? कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपण शिकलोय की लूपमध्ये उशीर वाढला की दुरुस्तीचाच त्रास होतो. आपला फॉर्म सेम संपल्यावर जातो. ज्याने तक्रार केली त्याला उपयोग शून्य. सुधारणा झालीच तर ज्युनिअर्सना, आणि त्यांची अडचण वेगळीच असू शकते. यंदा एक सर तास संपताना अर्धा कागद वाटतात. आज काय समजलं आणि काय अडलं, दोन ओळी, नाव नाही. अमेरिकेत याला 'मिनिट पेपर' म्हणतात आणि १९८० च्या दशकापासून ते बऱ्याच ठिकाणी वापरतात. एकदा ढीगभर चिठ्ठ्यांवर एकच प्रश्न होता, की सॅम्पलिंगमध्ये दुप्पटच का? पुढच्या तासाची पहिली दहा मिनिटं सरांनी तेवढंच घेतलं. तिथे कोणी सरांना किती मार्क द्यायचे ते विचारलं नव्हतं. ज्यांना अक्षर ओळखलं जाण्याची भीती वाटते ते कॅपिटलमध्ये लिहितात. ती भीती खोटी नाही, टर्मवर्क आणि ओरल त्यांच्याच हातात असतात.

शेवटी एके दिवशी मी मॅडमकडे गेले. त्या जर्नल्सचा गठ्ठा तपासत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, मागच्या वर्षी तुमच्या इंग्लिशबद्दल मी लिहिलं होतं."

त्यांनी हातातली सही पूर्ण केली. मग विचारलं, "कुठलं वाक्य समजलं नव्हतं?"

मला एकही सांगता येईना. "सगळी समजली होती, मॅडम."

"मग?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्याच म्हणाल्या, "सूचनांचा प्रिंट काढून देतात आम्हाला. पूर्ण वर्गाच्या कागदावर तेवढी एकच सूचना होती. बाकी सगळे चौकोन रिकामे. मराठीत सांगितलेलं समजतं, असं एकानंही लिहिलं नव्हतं. मग मी काय समजायचं?"

रूमवर येऊन मी रूममेटला जरा रागानेच विचारलं, तुला समजत होतं तर तू का नाही लिहिलंस? ती म्हणाली, "तिथं इंग्लिशमध्ये लिहायचं असतं ना. माझं चुकलं असतं. म्हणून सगळे पाच दिले आणि तो रिकामा ठेवला."

म्हणजे त्या चौकोनात बोलणारी मी एकटीच होते, कारण मला इंग्लिश लिहिता येत होतं. आणि माझ्या एका वाक्याने, ज्यांना ते लिहिता येत नव्हतं त्यांचं मराठी बंद झालं. मजा बघा, पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये २०२१ मध्ये कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मराठीतून सुरू झालं, ए.आय.सी.टी.ई.च्या परवानगीने. आणि मी इथे बारामतीत बसून 'शोभत नाही' लिहीत होते.

ऑफिसात जाऊन विचारून आले. सूचना मराठीत लिहिली तर चालते. तसा नियम नाही आणि तसा मनाई करणारा नियमही नाही, असं क्लार्क काका म्हणाले. मोबाइलवर देवनागरी की-बोर्ड असतोच.

सोमवारपासून फॉर्म उघडलाय. रूममेटने काल तासभर घालवला. मी स्पेलिंग बघून देऊ का विचारलं तर म्हणाली, "तू मराठी तपासणार?" तिने लिहिलंय ते तिला विचारून इथे देते: "मॅच्ड फिल्टर स्लाइडवर समजला नाही. एसईला कन्व्होल्यूशन फळ्यावर मराठीत सांगितलं होतं ते समजलं होतं. तसंच एकदा घ्यावं. तास वेळेवर सुरू होतात."